पन्नास हजारांची रोषणाई

बारावी संपली की नाशिकमधल्या पोराला 'इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी' अचानक गेमिंग कॉम्प्युटर लागतो. वडील पन्नास हजार मंजूर करतात आणि खरेदी सुरू होते ती कॅबिनेटपासून. गणपतीच्या मखराला लाजवेल अशी काच, सहा रंगीत पंखे! उरलेल्या पैशांत प्रोसेसर, आणि शेवटच्या चिल्लरमध्ये एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. बऱ्याचदा तोही कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. त्यावर 500 वॅट छापलेलं असतं; छापायला काय जातं? पावसाळ्यात सिडकोत दोनदा लाईट गेली-आली की हा फुकट्या स्वतः तर जातोच, जाताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

खरं तर 2021 साली आलेल्या रायझन 5 5600जीसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. 'व्हॅलोरंट'सारखा गेम तेवढ्यावर मजेत चालतो. चांगला एसएमपीएस आधी घ्यावा, ग्राफिक कार्ड पैसे साठल्यावर. पण एसएमपीएससारखी शहाणी वस्तू काचेतून चमकत नाही, मग मित्रांना दाखवणार काय?

पालकहो, पंख्यांच्या दिव्यांवरही 18 टक्के जीएसटी भरतच आहात, तर निदान पक्कं बिल तरी मागून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच लागतं.