मुनीमजी

हिंगोलीच्या मोंढ्यात जा, वसमतला जा नाहीतर जवळा बाजारला. जुन्या आडत दुकानात मागच्या भिंतीला टेकून मुनीमजी बसलेले असतातच. पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग आणि सगळ्यावर पिवळी झाक. ती मात्र एकट्या त्यांची नव्हे. हळदीच्या हंगामात इथलं कुत्रंही नवरदेवासारखं पिवळं असतं.

डोक्यामागे माळ्यावर लाल वह्या: रोजमेळ, खतावण्या, काटापट्ट्यांचे गठ्ठे. जीएसटीचा कायदा म्हणतो, वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपा. मुनीमजींनी 72च्या दुष्काळापासूनचे जपलेत. वहीवर ना नंबर, ना सूची. सालसुद्धा आकड्याने सांगणार नाहीत. 'किल्लारीच्या भूकंपाची' म्हणजे 1993ची, 'परभणीतून सुटलो ती' म्हणजे जिल्हा झाला त्या 1999ची.

शेतकऱ्याने पोरीच्या लग्नाला घेतलेली उचल विचारा. चष्मा न लावता माळ्यावर हात जातो आणि नेमकं पान उघडतं. त्याच शेतकऱ्याने "माझे काही निघतात का, पाहा की" म्हणावं, की वही गोदामात असते, गोदामाची किल्ली सेठकडे असते आणि सेठ गावाला गेलेले असतात.

"पाहू ना. पुढच्या बाजाराला या."

पुण्यात शिकून आलेल्या धाकल्या सेठनी एकदा मायक्रोफिल्मवाला बोलावला. तो सांगू लागला: पान चोवीस पट बारीक करून 16 मिलिमीटरच्या फिल्मवर घेतो, तीस मीटरच्या एका रिळात दोन-अडीच हजार पानं मावतात. बँकांच्या वह्यांच्या कायद्यात तर 2002च्या दुरुस्तीने मायक्रोफिल्मही बसवली. वाचायला भिंग आणि उजेड पुरे. नीट ठेवली तर पाचशे वर्षं टिकते.

"पाचशे?" मुनीमजींनी सुपारीचा तुकडा या गालातून त्या गालात सरकवला. "तेवढ्या जुन्या उधारीला वसुलीला धाडायचं कोणाला?"

तरी काम झालं. रिळं भरली, खातेदारांची सूची संगणकात चढली. पहिल्याच दिवशी धाकल्या सेठनी 'नामदेव' शोधलं. आता संत नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात, तिथे दर दोन घरांआड एक नामदेव! पडद्यावर दिंडीच निघाली.

"कोणता पाहिजे?" मुनीमजी खुशीत आले. "लंगड्या बैलाचा, दोन बायकांचा, का तोलाईवरून भांडणारा?"

तोलाईवाला बाकड्यावरच चहा पीत बसला होता. सेठनी हौसेने त्याचं रीळ यंत्रात घातलं, मूठ फिरवली, आणि काचेवर टपोऱ्या अक्षरांत त्याचं खातं उमटलं. उचल फिटलेली. खाली जमा रक्कम, भूकंपाच्या सालापासून पडून.

"मुनीमजी, हे माझेच नं?"

मुनीमजी हंगामात पहिल्यांदाच गादीवरून उठले आणि यंत्राचं बटण बंद केलं.

"मशीन नवी आहे, नामदेवराव. जमा कोणती अन् नावे कोणतं, तिला अजून शिकवायचंय. पुढच्या बाजाराला या."