बिनपगारी, फुल्ल अधिकारी

सभा अकराची होती. साडेअकरापर्यंत आम्ही चौघंच जमलो. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी त्याच चौघांची पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असं आमच्या संस्थेच्या घटनेत आहे. ज्यानं कुणी हे लिहिलं, त्याला रविवारची सकाळ आणि मराठी माणूस या दोघांचीही नाडी नीट सापडलेली असणार. वडे मात्र नऊ जणांचे आले होते.

मी परिचारिकांना मदत करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा विश्वस्त आहे. नाव सांगत नाही, पुढच्या सभेला जायचंय. मला का घेतलं, तर 'पेपरात ओळखी आहेत' म्हणून. मंडळात तीन डॉक्टर आहेत आणि तिघांचीही स्वतःची नर्सिंग होम आहेत. शिवाय एक बिल्डर, एक सीए, एक निवृत्त बँक मॅनेजर आणि मी. वर दोन तहहयात विश्वस्त. त्यांतले एक चार वर्षांपूर्वी वारले, पण धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी अजून ठणठणीत आहेत. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, असं विश्वस्त कायद्याचं कलम २२ सांगतं. तो कुणी द्यायचा, यावर आमच्याकडे दोनदा चर्चा झाली. दोन्ही वेळा दिवंगतांना श्रद्धांजली वाहून सभा संपली.

परिचारिका किती? मंडळावर एकही नाही. एक निवृत्त मेट्रनबाई 'कायम निमंत्रित' आहेत. त्यांना बोलायचा अधिकार आहे, मताचा नाही. खुर्च्या मांडणं, हजेरीचं पुस्तक फिरवणं आणि चहाला साखर कमी कुणाला हे लक्षात ठेवणं, ही कामं त्यांच्याकडे आपोआप गेली. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई. आमच्यासारखे चार रुग्ण तिला जड नाहीत.

आता आमचं आवडतं वाक्य. 'आम्ही इथला एक पैसा घेत नाही हो!' दर सभेत ते किमान तीनदा येतं आणि ते आलं की चर्चा संपते. पगारी माणसाला कामचुकार म्हणता येतं, कंत्राटदाराला चोर म्हणता येतं. फुकट काम करणारा काम करत नसेल, तर त्याला काय म्हणायचं? मराठीत त्याला सेवाभावी म्हणतात आणि वर्षाच्या शेवटी शाल देतात. या 'फुकट'ची किंमत फार मोठी आहे. हिशेब वेळेवर का नाही? अहो, आम्ही फुकट करतो. अर्ज आठ महिने का पडून? फुकट करतो ना! उपकारकर्त्याचं घड्याळ कुणी तपासत नाही.

कायदा मात्र या बाबतीत अगदीच अरसिक आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा (२०१२ पासून नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आला) विश्वस्ताला पगार मिळतो का, हे विचारतच नाही. हिशेब ठेवले का, ऑडिट केलं का, पैसा नीट गुंतवला का, एवढंच विचारतो. वारंवार हिशेब चुकवले किंवा कर्तव्यात कसूर केली, तर कलम ४१ डखाली धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात. 'मी तर मानद होतो' ही सबब त्या कलमात मी दोनदा शोधली. नाही.

कलम ३६ आमच्या बिल्डर विश्वस्तांना तोंडपाठ आहे. संस्थेचा भूखंड आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देता येत नाही. शेतजमीन असती तर दहा. पुढचं कलम ३६ अ म्हणतं, परवानगीशिवाय कर्जही काढायचं नाही. 'जागा नुसती पडून आहे हो,' असा उसासा ते दर सभेत टाकतात. भूखंड १९७८ साली एका दानशूर बाईंनी परिचारिकांच्या वसतिगृहासाठी दिला. वसतिगृह अजून झालेलं नाही. उसासा मात्र नियमित होतो.

मार्चमध्ये आमच्या अंगात एकदम सेवा संचारते. त्याला कारण सीए. उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत, नाहीतर पाच वर्षांसाठी साठवण्याचा रीतसर ठराव हवा, याची ते फेब्रुवारीच्या अखेरीस आठवण करून देतात. मग घाईघाईनं शाली येतात, श्रीफळं येतात, स्मृतिचिन्हांची ऑर्डर जाते आणि १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, 'आदर्श परिचारिका' पुरस्कार वाटले जातात. यंदा शालीच्या रंगावर चाळीस मिनिटं गेली. पांढरी नको, तो त्यांचा रोजचाच रंग, भगवी नको, राजकीय वाटेल, हिरवीवरही तेच. शेवटी मोरपंखी ठरली, एकमतानं. सूचक डॉक्टरसाहेब, अनुमोदक मी.

आमच्या कार्यालयात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलची तसबीर आहे. तिला हार घालणाऱ्या कुणाला तिच्या निधीची गोष्ट माहीत नाही, म्हणून इथे सांगतो. १८५५ च्या नोव्हेंबरात बाई तिकडे क्रिमियन युद्धातल्या जखमींमध्ये अडकलेल्या असताना लंडनमध्ये मोठी सभा भरली आणि त्यांच्या नावानं निधी उभारायचं ठरलं. सैनिकांनी एकेका दिवसाचा पगार दिला, जेनी लिंड या गायिकेनं जलशाचं उत्पन्न दिलं. ४४ हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. मंडळावर मोठमोठे लोक होते आणि सचिव म्हणून पुढे आर्थर ह्यू क्लफ हा चक्क कवी आला. निधी जमल्यावर शाळा उघडायला १८६० उजाडलं. पाच वर्षं! हे कळल्यावर आमच्या मंडळाला फार धीर येईल, म्हणून मी ते सभेत सांगितलेलं नाही. पण शाळा उघडली तेव्हा त्या निधीनं काय केलं? शिकाऊ परिचारिकांना राहणं, जेवण, गणवेश, अगदी चहा-साखरसुद्धा आणि वर वर्षाला १० पौंड रोख. शाल दिल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आता त्या चौघांच्या सभेचा विषय क्रमांक सात. एका सिस्टरचा अर्ज. वय ३८, जीएनएम, सोळा वर्षं खाजगी रुग्णालयांत. रुग्णांना उचलून, कुशीवर वळवून, स्ट्रेचरवर घेऊन कमरेची गादी सरकलेली. डॉक्टरनं सहा आठवडे आराम सांगितलेला. आरामात पगार नाही, म्हणून मदत मागितली पंधरा हजारांची. (शालींचं बिल एकवीस हजार सहाशे. बाजूलाच होतं, म्हणून आकडा लक्षात राहिला.)

चर्चा सुरू झाली. बँक मॅनेजर म्हणाले, 'एकाला दिलं की रांग लागेल.' ही रांग लागावी म्हणूनच संस्था काढलीय, हे मी मनात म्हणालो. सीए म्हणाले, अर्जासोबत मालकाचं शिफारसपत्र नाही. नियमावलीत तसं हवंच. तिचा मालक कोण, म्हणून कागद उलटून पाहिला. मालक समोरच बसले होते, तिसरा वडा घेत.

डॉक्टरसाहेब गडबडले नाहीत. म्हणाले, 'मुलगी चांगली आहे, पण शिफारसपत्र दिलं तर ड्यूटीवरच दुखापत झाली असं लेखी मान्य केल्यासारखं होईल. कायदेशीर सल्ला घ्यायला हवा.' पगार किती देता, असं मेट्रनबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं. उत्तर मिळालं, बारा.

बाईंनी किटली खाली ठेवली. 'साहेब, सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ सालीच सांगितलंय. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातसुद्धा नर्सला वीस हजारांच्या खाली नको. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार.' डॉक्टरसाहेब म्हणाले, त्या शिफारशी आहेत, कायदा नाही. हे खरं आहे. शिफारसपत्राशिवाय पंधरा हजार न देणं हा आमच्याकडे कायदा आणि वीस हजार पगार ही नुसती शिफारस. मग कुणीतरी आठवण करून दिली की बाई निमंत्रित आहेत. इतिवृत्तात त्यांचं बोलणं आलं नाही. 'सविस्तर चर्चा झाली' एवढं आलं.

बोलायचा अधिकार कुणाचा, यावरून एक गोष्ट आठवते. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात रुग्णालयातच हल्ला झाला, त्या त्यातून कधीच बऱ्या झाल्या नाहीत आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. मधली साडेएक्केचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. एका पिढीनं निवृत्त होताना पुढच्या पिढीच्या हाती सोपवलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दयामरणाच्या अर्जाचा निकाल लागला, तेव्हा अरुणाच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न निघाला. न्यायालयानं तो केईएमच्या लोकांना दिला, कारण रात्रंदिवस त्यांनीच सांभाळलं होतं. या बायकांकडे विश्वस्त नोंदणीचा पीटीआर नंबर नव्हता, लेटरहेड नव्हतं, तहकूब सभा तर नव्हतीच. रोज सकाळी कोणीतरी चमच्यानं भरवायला यायचं. गणपूर्ती एकीची.

आमच्या मंडळावरची माणसं वाईट नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. डॉक्टरसाहेब गरिबांना फी माफ करतात. सीए खरोखरच पैसे घेत नाहीत. वाईट एवढंच आहे की ज्यांच्यासाठी संस्था काढली त्या खोलीबाहेर आणि ज्यांच्यामुळे त्यांना संस्था लागते ते खोलीत. त्यात आम्ही बिनपगारी, त्यामुळे आम्हाला कुणी बोलूही शकत नाही.

सिस्टरचा अर्ज कायदेशीर सल्ल्यासाठी ठेवला गेला. ती तिसऱ्या आठवड्यात पट्टा बांधून नाइट ड्यूटीवर हजर झाली, असं मेट्रनबाईंकडून कळलं. मी त्याच रात्री राजीनामा लिहिला आणि माझ्या जागी मेट्रनबाईंना घ्यावं, असं खाली सुचवलं. चेंज रिपोर्टही मीच भरून जोडला. फक्त सह्या करायच्या आहेत. नव्वदपैकी एकसष्ट दिवस झाले.

तुम्ही परिचारिका असाल, तर एक करा. तुमच्या गावातही तुमच्या भल्यासाठी एखादी संस्था असेलच. धर्मादाय कार्यालयात अर्ज दिला की तिच्या शेड्यूल वनची, म्हणजे नोंदणीतल्या उताऱ्याची, नक्कल मिळते. विश्वस्तांची नावं वाचा आणि त्यांपैकी कितींनी आयुष्यात एकदा तरी बेडपॅन उचललंय, तेवढं मोजा. मग रविवारी सभेला जा. वेळ अकराची असेल, तुम्ही बाराला गेलात तरी चालेल.