संप चुलीपाशी मोडतो

संप गेटवर मोडत नाही, घरात मोडतो. घोषणा देऊन घसा बसला तरी कामगार उभा राहतो, पण वाण्याने उधारी बंद केली की त्याचा धीर सुटतो. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हारच्या गाळ्यांत राबणाऱ्या कुणालाही विचारा.

नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या किराणा दुकानातली उधारीची वही उघडून पाहा. तांदूळ पाच किलो, तूरडाळ अर्धा किलो, तेलाची पिशवी, साबण, पोरीसाठी दोन वह्या. गिऱ्हाइकाचं आडनाव लिहिलेलं नसतं, खूण असते: मोल्डिंगवाला, पावडर कोटिंगवाला, प्रेसवाला. पगार झाला की हिशोब. एक पगार चुकला तर वाणी सांभाळून घेतो, दुसरा चुकला की हात आखडता घेतो. खोलीमालक तर तेवढीही कळ काढत नाही. संप किती दिवस टिकणार, हे या वहीवर ठरतं.

म्हणून समाजवादी म्हणवणाऱ्या सगळ्या पक्षांना, संघटनांना आणि मित्रांना एकच सांगणं आहे. ‘लढ्याला जाहीर पाठिंबा’ असं पत्रक काढून आणि गेटवर दहा मिनिटं भाषण करून पाठिंबा होत नाही. पाठिंबा म्हणजे शिधा, जामीन, वकील, पोरांची फी.

कायदा करणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळलेलं आहे. बेकायदा संपाला पैसा पुरवणं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही गुन्हाच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ते कलम ठेवलं आणि दंड वाढवला. बेकायदा संपात उतरणाऱ्या कामगाराला १ हजार ते १० हजार रुपये दंड. त्या संपाला जाणूनबुजून पैसा पुरवणाऱ्याला १० हजार ते ५० हजार. दोघांनाही महिनाभराची कैद होऊ शकते. संप करणाऱ्यापेक्षा संपकऱ्याला जगवणाऱ्याचा कमाल दंड पाचपट! वार कुठे करायचा, हे सरकारला बरोबर ठाऊक आहे.

आणि संप बेकायदा ठरायला वेळ लागत नाही. आधी चौदा दिवसांची नोटीस. ही सक्ती पूर्वी फक्त लोकोपयोगी सेवांना होती, आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. नोटीस गेली की समेट अधिकारी बैठक लावणार. बैठका चालू असेपर्यंत संपाला बंदी, त्या संपल्यावर आणखी सात दिवस बंदी. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तरी तो संपच. एकाहून जास्त युनियन असतील तिथे एकट्याने वाटाघाटीला बसायचं तर मस्टरवरचे ५१ टक्के कामगार पाठीशी हवेत. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकाच मशीनवर उभ्या असलेल्या माणसाचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर असतं, नाहीतर कुठेच नसतं. त्याला मोजणार कोण?

पाठिंबा कसा द्यायचा, हे शिकायला बाहेर जायला नको. ८ मे १९७४ ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला. नेते जॉर्ज फर्नांडिस यांना २ मेलाच उचललं होतं. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि रेल्वे क्वार्टरमधून बायकापोरांना सामानासकट बाहेर काढलं गेलं. वीस दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. तो हरला, हे मान्य करू. पण १९७७ मध्ये समाजवादी मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात बडतर्फ झालेले लोक कामावर परत घेतले गेले. हरलेल्या संपातल्या माणसांना तीन वर्षांनीही न विसरणं, याला पाठिंबा म्हणतात.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वर्ष उलटलं तरी ते टिकले ते कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी पाठवलेल्या धान्यावर. गिरण्या संपाने बुडाल्या म्हणणाऱ्यांनी परळ-लोअर परळच्या त्या जमिनींवर आज काय उभं आहे ते पाहावं. बुडाली ती गिरणगावातली घरं. त्यांतली कित्येक विरार, नालासोपाऱ्याला आली. त्यांच्या नातवंडांना आज वालीवच्या गाळ्यांत बारा-बारा तास उभं राहावं लागतं.

त्याच १९८२ साली आपल्या वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवराबायकोने त्याच्याच शेतात वर्षानुवर्षं राबायचं, हे इथल्या आदिवासींचं जिणं होतं. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा, पण मालकाकडे पाठ फिरवली की खावटीही बंद. सुटलेल्या माणसाने त्या रात्री खायचं काय? म्हणूनच नुसती सुटका पुरत नव्हती. किमान वेतन, सरकारी पुनर्वसन आणि पाठीशी उभं राहणारं गाव, हे सगळं एकदम लागत होतं. हातावर पोट असलेल्यांनी याच तालुक्यात मालकाला नाही म्हणून दाखवलं आहे, कारण ‘नाही’ म्हटल्यावर ते एकटे पडले नाहीत.

आज गाळ्यातला कामगार एकटा आहे. कुणी उत्तर प्रदेशातून आलेला, कुणी बिहारमधून, ओडिशातून, कुणी आपल्याच जव्हार-मोखाड्यातून. पॉवर प्रेसखाली बोट गेलं तरी ईएसआयचं कार्ड नाही म्हणून तो खासगी दवाखान्यात पदरचे पैसे भरतो आणि चार दिवसांनी पट्टी बांधलेल्या हाताने पुन्हा मशीनवर उभा राहतो. ‘परप्रांतीय’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या मराठी कामगाराने एवढं ध्यानात घ्यावं: त्याची मजुरी दाबली की तुमचीही दबते.

तेव्हा वसई-विरारमध्ये कायमचा संघर्ष निधी उभा करा. संप झाल्यावर डबा फिरवू नका, आधीच गोळा करा. याच वसईतल्या साध्या माणसांनी १९१८ साली थेंबे थेंबे पैसा जमवून बॅसिन कॅथलिक सहकारी बँक उभी केली. सहकार इथल्या मातीत आहे, तो गाळ्यांपर्यंत न्यायला हवा. कायदेशीर संपाला, टाळेबंदीत अडकलेल्यांना, युनियन केली म्हणून काढून टाकलेल्यांना मदत करण्याच्या आड कोणताही कायदा येत नाही. पेन्शनवाल्यांनी, शिक्षकांनी, बँक कर्मचाऱ्यांनी, वकिलांनी महिन्याला शंभर रुपये द्यावेत. हिशोब दर तिमाहीला जाहीर व्हावा. पैसे कुणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या समितीत निम्मे लोक ठेका कामगार असावेत, आणि त्यांत बायका असाव्यात.

महिन्याला शंभर रुपये जड जात असतील, तर पुढच्या पत्रकावर ‘समाजवादी’ असं लिहू नका.