बावन्न दरवाजे आणि एक मामा

रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत 2020 साली बंद केली, तरी आमचे मामा टीसीला स्वतःचं वय सांगतातच. तपोवन एक्सप्रेस मनमाड सोडून पुढं लागली होती. "शहात्तर पूर्ण," मामा म्हणाले. टीसी म्हणाला, "बरं." "पैसे कमी होत नसतील तर निदान नवल तरी करा की हो!" टीसीनं इमानदारीत भुवया वर केल्या आणि पुढच्या बाकाकडं सरकला. त्याची पाठ वळली न वळली तोच मामांनी त्याचं ते 'बरं', बगलेतली वही आणि गाडी हलेल तसं डुलणारं पोट असं काही उभं केलं, की समोरच्या आजीबाईंच्या हातातली तंबाखू हातातच राहिली.

मामा परभणीकडच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर होते आणि उरलेल्या वेळात एकपात्री नट. गणपती, स्नेहसंमेलन, पतसंस्थेचा वर्धापनदिन, काही वर्ज्य नव्हतं. आता संभाजीनगरच्या एका मंडळानं त्यांना जीवनगौरव द्यायचं ठरवलं होतं. "जीवनगौरव म्हणजे 'आता बस्स करा' म्हणायची सभ्य रीत," असं म्हणून मामांनी आठ दिवस आधीच झब्बा इस्त्रीला टाकला होता.

"भाचेबुवा, माझ्या जन्माचं वाटोळं एकाच माणसानं केलं," रोटेगाव गेल्यावर मामा म्हणाले. "लक्ष्मण देशपांडे."

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण दर वेळी मामांचा आवाज तक्रारीचा असतो आणि तोंडावर भक्तिभाव. ऐंशीच्या दशकात मराठवाड्यात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट वाजायची. लेखक तेच, नट तेच. खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला निघतं आणि त्यातली बावन्न पात्रं एकटे देशपांडे करणार. एका देशपांड्यांनी बटाट्याची चाळ एकट्यानं वसवली होती, दुसऱ्यांनी अख्खं गाव विमानात कोंबलं. गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली ती नंतर. मामा तेव्हा शेंगा घेऊन प्रयोगाला बसले होते. पात्रागणिक एक शेंग फोडायची आणि टरफल डाव्या खिशात. मध्यंतरापर्यंत शेंगा संपल्या, पात्रं येतच होती.

"बावन्न आवाज काढणं सोपं रे, बावन्न नजरा ठेवणं अवघड," मामा सांगत होते. "उंच माणूस बोलताना खाली बघतो, बुटका वर. सासूबाई कुठं बसल्यात ते नटानं डोळ्यानं ठरवायचं. ती जागा विसरली की सासू जावयाच्या मांडीवर बसते. माझी बसली होती एकदा. सेलूला. लोकांना वाटलं विनोद हाय. म्या तसंच ठेवलं."

त्यांचं दुःख वेगळं होतं. ते स्वतःचं लिहायचे. गावात पहिला फोन येतो आणि मुंबईच्या पोराला ट्रंककॉल लावायला नऊ माणसं पोस्टात जमतात, असा त्यांचा पंचवीस मिनिटांचा तुकडा होता. नऊच का? "आपला घसा ओळखून राहावं. ते शहर, आपण वाडी." पण कुठंही उभे राहिले की मागच्या रांगेतून आरोळी यायचीच, "मास्तर, वऱ्हाडातलं करा!" बारसं मामांच्या घरचं, आणि पाहुण्यांना लग्न हवं दुसऱ्याच्या घरचं.

खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसायला लागला. मामा एकदम उत्साहात आले. "खरं वऱ्हाड तर इथं आलं होतं. 1327 साली महंमद तुघलकानं दिल्ली उचलून इथं आणली. आणि मग परत नेली! मानपान नीट झालेला दिसत नाही."

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर चाचा?" मामा म्हणाले, "खडकी." तो गोंधळला. मलिक अंबरनं 1610 मध्ये वसवलं तेव्हा खडकी, त्याच्या मुलाच्या वेळी फतेहनगर, पुढं औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. "हे शहरच एकपात्री हाय," मामा म्हणाले. "नट तोच, नावं चार." रिक्षावाल्याला यातलं काहीही नको होतं. "हौ, पर जाना किधर?"

जायचं होतं विद्यापीठात. कार्यक्रम संध्याकाळी होता आणि त्याआधी मामांना नाट्यशास्त्र विभागाला नमस्कार करायचा होता. देशपांडे सर तिथले विभागप्रमुख होते. सकाळी वर्गात शिकवायचं आणि संध्याकाळी बावन्न जणांचं कुटुंब सांभाळायचं. मामांना एका वर्गाच्या नऊ-दहा व्रात्य पोरांतच घाम फुटायचा.

उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आलं तसे मामांनी चालत्या रिक्षातून हात जोडले. मला वाटलं नाट्यगृहाला. "नाही रे, नाथांना. एकपात्रीचं मूळ पीठ पैठणला! भारुडात कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी विंचू चावलेला माणूस. ना नेपथ्य, ना लाईट."

क्रांती चौकापासून मामांनी खेळ काढला. या शहराला बावन्न दरवाजे होते असं सांगतात. बावन्न दरवाजे, बावन्न पात्रं, मग वाटणी झालीच पाहिजे. पैठण गेटला कपड्यांची दुकानं, तेव्हा ते बस्ता बांधायला निघालेल्या बायकांना. दिल्ली गेट गावच्या पुढाऱ्याला, कारण त्याचं तोंड कायम तिकडंच. भडकल गेट 1612 सालचं म्हणून आजोबांना. रंगीन दरवाजा नवरदेवाच्या काकांना, आणि का ते विचारायचं नाही. इथं कटकट गेट नावाचा खरोखरचा दरवाजा आहे. तो रुसलेल्या जावयाला द्यायचं एकमतानं ठरलं, रिक्षावाल्यासह.

"पर बावन कहाँ बचे चाचा?" त्यानं विचारलं. "गिनने बैठे तो जल्दी खतम हो जाते."

"मग उरलेली पात्रं?"

"उनकू खिडकी में बिठाव," तो म्हणाला. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

खाम नदीवरच्या मकई गेटपाशी रिक्षा अडकली. कमान मोगलांच्या काळातली, हत्ती-घोड्यांच्या हिशेबानं बांधलेली. समोरून गॅस सिलिंडरचा टेम्पो, मागून कॉलेजची पोरं मोटारसायकलवर, आणि मागं कोणी सरायचं यावर चर्चासत्र. मामा खाली उतरले. मी झब्ब्याला धरलं, पण इस्त्रीचा झब्बा निसटतो. कमानीखाली उभं राहून त्यांनी टेम्पोवाला केला, मग रिक्षावाला, मग न आलेला ट्रॅफिक हवालदार, आणि शेवटी ती कमान. कमान म्हणाली, "बाबांनो, माझ्यातून फौजा गेल्या, त्यांनी एवढे हॉर्न नव्हते वाजवले." हसता हसता टेम्पोवाल्यानं गाडी मागं घेतली. कोपऱ्यातून एक पोरगं ओरडलं, "काका, वऱ्हाडातलं येतं का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. 2009 साली देशपांडे सर गेले. नंतर माजलगावच्या संदीप पाठकनं ते नाटक पुन्हा उभं केलं. वऱ्हाड चालूच आहे. मास्तरांचा फोन अजून वाटच बघतोय.

माझं म्हणाल तर मामांची तक्रार मला पटत नाही. पुण्या-मुंबईच्या नाटकांत आमच्याकडचा माणूस यायचा तो बहुधा गडी म्हणून, ट्रे घेऊन. देशपांड्यांनी त्याला विमानात खिडकीशी बसवलं आणि आमच्याच बोलीत हवाई सुंदरीशी बोलायला लावलं. त्या कॅसेटी वाजल्या नसत्या, तर पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला एकट्या मास्तरला उभा कुणी केला असता? हे मी मामांना म्हणालो. "ते कळतं रे," मामा म्हणाले, "पण एकदा तरी कुणी फोन लावा म्हणावं."

संध्याकाळी प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे 'वाटेत' होते. निवेदकानं मामांची ओळख 'वऱ्हाड गाजवणारे' अशी करून दिली. मामा उठले, माईक बाजूला सारला, खांद्यावरचं उपरणं कानाला लावलं आणि ओरडले, "हॅलो! मुंबई! गण्या हाय का?"

पहिली पाच मिनिटं लोक वऱ्हाडाची वाट बघत होते. मग गण्याची आजी रिसीव्हर उलटा धरून नाकाला लावते तिथं पहिला हशा आला, आणि पुढं तो आवरेना. सातवं पात्र चालू असताना दारातून पाहुणे आले, मागं चार कार्यकर्ते. मामा त्या क्षणी पोस्टमास्तर होते. पोस्टमास्तर त्यांना म्हणाले, "मागं उभं राहा. नंबर आल्यावर बोला." पाहुणे खरंच थांबले. चारही कार्यकर्ते त्यांच्या मागं ओळीनं उभे राहिले.

सत्कार झाला. शाल, नारळ, मानपत्र. पाहुण्यांनी भाषण सुरू केलं. जिल्ह्याचा विकास झाला, सिंचन झालं, स्वतःचं बालपण सुरू झालं, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरनं ऑपरेटरबाईंचा नाकातला आवाज आला, "तीन मिन्टं झाली, वाढवून पाहिजे का?"

अख्खं सभागृह ओरडलं, "नको!"