काठावरचे श्रमदान
मुंबई–गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथे फुटतो त्या कसाल परिसरात, पावसाळा सरून वहाळाचे पाणी ओसरू लागले की, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, सुतळीने त्यांची तोंडे शिवून वनराई बंधारा घालण्याचा सार्वजनिक संकल्प सुटतो. आणि ज्यांच्या नावे २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान निघाले त्या गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्याच हाती धरला होता, एवढे विसरून वाडीतील यच्चयावत मातब्बर काठावरून मातीचा पोत आणि छायाचित्रातील आपली जागा यांविषयी अमूल्य मार्गदर्शन करितात. गोण्या उचलणारे चौघे या मसलतीस गैरहजर, कारण ते पाण्यात असतात. तथापि बंधारा उभा राहतो, विहिरींना पाणी टिकते, श्रेय मात्र दप्तरी काठाच्याच नावे दाखल होते. यंदा मार्गदर्शकांनी निदान आपापले घमेले घरून आणावे, ही विनंती.