एक फुल, एक पिल्लू

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसभरात समोर जे हलतं-बोलतं दिसेल, ती हंसाच्या पिल्लाची आई. वय, मिशा, पेन्शन असल्या किरकोळ गोष्टींत ते शिरत नाही. ऑस्ट्रियात, डॅन्यूबकाठच्या आल्टेनबर्गमध्ये कोन्राड लोरेन्झ यांच्या मागे मार्टिना नावाचं असंच एक पिल्लू लागलं आणि रात्री त्यांच्याच खोलीत झोपू लागलं. पुढे 1973 साली प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर वाटून. नागाव ते पुणे प्रवासात मला जे मिळालं, त्यात वाटेकरी व्हायला कुणीच पुढे आलं नाही.

राखणीला हंस ही कल्पना मेहुण्याची. मुळशीकडे आमचा जमिनीचा तुकडा आहे. तिथे चोरण्यासारखं काही नाही, पण राखण हवी असं घरात ठरलं. सगळे म्हणाले, कुत्रा पाळा. त्यावर मेहुण्याने थेट इसवी सनापूर्वीचं 390 साल काढलं. गॉल लोक रात्री रोमच्या टेकडीवर चढत होते तेव्हा कुत्री गप्प राहिली आणि जूनो देवीच्या हंसांनी कलकलाट करून पहारेकऱ्यांना उठवलं, अशी रोमन इतिहासातली कथा. तरी घरचे बधेनात. मग त्याने स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनचा दाखला दिला. तिथे व्हिस्कीच्या गोदामांवर 1959 पासून पन्नासेक वर्षं हंसांचा पहारा होता. या दुसऱ्या विषयात त्याचा अभ्यास सर्वांना ठाऊक असल्यामुळे पुढे कुणी बोललं नाही.

नागावच्या वाडीतल्या काकूंनी पिल्लू माझ्या हातात ठेवलं. रात्रीच यंत्रातून निघालेलं, पिवळट, ओंजळीत मावणारं.

“आज खायला काय नको,” काकू म्हणाल्या. “पोटात बलक हाय त्याच्या. उद्यापासून कोवळं गवत नि भिजवलेला भरडा. पाव द्यायचा नाय. नि थंडी लागू देऊ नका.”

हे सगळं त्या पिल्लाकडे पाठ करून सांगत होत्या. मला तो संकोच वाटला. पिल्लाने मान तिरकी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, बारीक आवाजात काहीतरी म्हटलं, आणि मीही भिडस्तपणे “हो हो” म्हणालो. काकू वळल्या. “झालं,” म्हणाल्या. त्यांनी आजवर बरीच पिल्लं अशी उजवली असणार.

अलिबाग स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. खोक्याला भोकं पाडलेली होती, आत जुनं धोतर अंथरलेलं होतं. पण झाकण लावलं की पिल्लू असं किंचाळे की ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघे. झाकण उघडून मी तोंड दाखवलं की शांत. पोयनाड येईपर्यंत नियम स्पष्ट झाला. माझं तोंड खोक्यावर, नाहीतर सगळ्या गाडीची तोंडं माझ्याकडे.

“काय आहे?” कंडक्टर.

“हंस.”

“हाफ काढा त्याचं,” मागून कुणीतरी म्हणालं. कंडक्टरने पिल्लाकडे बघून वयाचा अंदाज घेतला, आणि “आवाज आवरा” एवढंच म्हणून पुढे गेला.

पेणला पोह्याच्या पापडांची पिशवी घेऊन एक आजोबा शेजारी बसले. खोक्यात डोकावून त्यांनी हात जोडले. “सरस्वतीचं वाहन!” वाहनाने तत्क्षणी धोतर खराब केलं. हे काम हंस दर पंधरा-वीस मिनिटांनी करतो. आजोबांनी हात जोडलेलेच ठेवले, फक्त पापडांसह खिडकीकडे सरकले. पुढच्या सीटवरच्या मुलाला त्याला वडापावातला पाव द्यायचा होता. तो मी खाल्ला. त्याच्या आईचं म्हणणं, खोक्यात पाणी ओता, पोहेल बिचारं. आईवेगळ्या पिल्लाच्या लवीला आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं, ते भिजलं की गारठतं, हे मी सांगत होतो तर बाई म्हणाल्या, “आईवेगळं कसं? तुम्ही आहात ना!”

खोपोलीला चहा. दूध आणि पाणी वेगळं करून दाखवा म्हणून आजोबांनी कप खोक्याजवळ नेला. पिल्लाने चोच बुडवली, झटकली, माझा चष्मा चहाने माखला. त्या चहातून वेगळं काढण्याइतकं दूध मुळात नव्हतं, असं माझं मत आहे.

प्रवासवर्णनात इथे बोरघाट यायला हवा. दरी, बोगदे, संध्याकाळचा प्रकाश वगैरे. मी घाटभर खोक्याचा तळ पाहिला. त्याबद्दल सांगता येईल ते सांगून झालं आहे. खंडाळ्याला वारा गार झाला. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण 32 अंशांची ऊब लागते, आणि लाल डब्यात एवढी ऊब इंजिनाजवळ असते, जिथे आधीच एक बाई तांदळाच्या पोत्यावर बसल्या होत्या. शेवटी पिल्लू माझ्या शर्टात गेलं. लोणावळ्यात चिक्कीवाला चढला, त्याने माझ्या छातीतून आलेला आवाज ऐकला आणि चिक्की न विकताच उतरला. कामशेतच्या पुढे आम्ही दोघंही झोपलो.

पुण्यात सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा सोडली, पिल्लाला खाली ठेवलं. ते लगेच माझ्या चपलेमागे तुरुतुरु निघालं. वॉचमनने वही उघडली.

“कुणाकडे?”

“माझ्याकडेच.”

“काम काय?”

“राखणीला आणलाय.”

त्याने पेन खाली ठेवलं. पिल्लाकडे बघितलं, स्वतःच्या काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कुठल्या एजन्सीचा?”