डी ड्राइव्हचे धनी

रॅम-डिस्क, म्हणजे मेमरीचाच तुकडा डिस्क म्हणून वापरणं, यामुळे संगणक जलद व्हायचा, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की आम्ही डॉसवाले ती वेगापेक्षा मिरवण्यासाठीच जास्त लावायचो. हिशेबच बघा. 360 केबीची फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे घ्यायची. एका फेऱ्यात एक ट्रॅक, आणि ट्रॅक एकूण 80. म्हणजे अगदी सुरळीत चाललं तरी ती पुरी वाचायला 16 सेकंद, प्रत्यक्षात बरेच जास्त. रॅम-डिस्कवर फायली आणायच्या त्या याच फ्लॉपीवरून, आणि काम झालं की उतरवायच्याही तिच्यावरच. एकदाच लागणाऱ्या फायलीसाठी हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. साध्या पीसीवर जागाही जायची ती 640 केबी मेमरीतलीच. तरी कॉन्फिग.सिसमध्ये रॅमड्राइव्हची ओळ घालून ‘डिर डी:’ मारलं, की अस्तित्वातच नसलेल्या डिस्कवर ‘एमएस-रॅमड्राइव्ह’ असं लेबल झळकायचं आणि छाती फुगायची. ही इस्टेट वीज असेपर्यंतच आपली, हे भारनियमनाच्या मुलखात चारचौघांत बोलायचं नसतं.

मग वर्डस्टारचं काय, असं कोणी विचारेल. रास्त आहे. तो मेमरीत मावत नसल्याने आपले तुकडे डिस्कवरून पुन्हा पुन्हा आणायचा, आणि तिथे रॅम-डिस्कचा फायदा खराच. पण डॉसच्या आज्ञा वाचणाऱ्या कमांड.कॉमबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याचा एक भाग मेमरीत ठाण मांडून असायचा, दुसरा वरच्या टोकाला उपऱ्यासारखा. मोठा प्रोग्राम आला की या दुसऱ्याची जागा बळकवायचा. भाडेकरूने घरमालकाला रस्त्यावर काढावं, तसं. प्रोग्राम संपला की मालकाला परत आणायला बूट फ्लॉपी हवी. ती ड्राइव्हमध्ये नसली की सगळं अडून बसायचं. कमांड.कॉमची प्रत रॅम-डिस्कवर ठेवून कॉमस्पेकला तिचा पत्ता दिला, की ही कटकट मिटली. इतक्या सुबक उपायाला मी मिरवणं म्हणणार नाही. म्हटलं तर माझंच मन मोडेल.

खरा आक्षेप स्मार्टड्राइव्हचा. वाचलेलं ते आपणहून मेमरीत धरून ठेवायचं. काय ठेवायचं ते माणसाने ठरवायला नको. तर्काने इथे रॅम-डिस्क हरते. पण 1993 च्या एमएस-डॉस 6.0 मध्ये हेच शहाणं स्मार्टड्राइव्ह डिस्कवर लिहायचा मजकूरही मेमरीत अडवून ठेवायचं आणि प्रोग्रामला सांगायचं, लिहून झालं. प्रॉम्प्ट दिसला म्हणून बटण बंद केलं, की मजकूर गेलाच म्हणून समजा. 6.2 मध्ये लिखाण पुरं होईस्तोवर प्रॉम्प्टच परत न देण्याची सुधारणा करावी लागली. रॅम-डिस्कने टिकण्याचं वचन कधी दिलंच नव्हतं, म्हणून तिच्याबरोबर काम करणारा मुकाट्याने फ्लॉपीवर प्रत काढायचा. आजचा संगणक कित्येक जीबी मेमरी परस्पर वाटून टाकतो, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा शहाणपणाने. राग त्याचा नाही. किती केबी द्यायचे, हे रॅमड्राइव्हच्या ओळीत निदान माझ्या हातचं असायचं. हा मला विचारतसुद्धा नाही.